‘घरात फोन आहे’ एवढ्यावर भागत नाही: डिजिटल शिक्षण आणि सामाजिक न्याय या विषयावर पदव्युत्तर प्रबंध कसा करावा

एम. एड., एम. ए. (शिक्षणशास्त्र) किंवा समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात ‘डिजिटल शिक्षणातील विषमता’ हा विषय घेणारे विद्यार्थी आता प्रत्येक तुकडीत भेटतात. विषय चांगला आहे. प्रबंध मात्र बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर फसतो. प्रश्नावलीत विचारलेलं असतं, ‘तुमच्या घरी स्मार्टफोन आहे का?’ उत्तर येतं ‘हो’. त्याची टक्केवारी काढली जाते, गोल आलेख येतो आणि शेवटी ‘शासनाने साधने पुरवावीत’ अशी शिफारस.

‘असर’ या शालेय शिक्षणाच्या स्थितीच्या पाहणीतले 2021 चे आकडे पाहा. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं. 2021 मध्ये ते 67.6 टक्के झालं. पण घरात फोन असलेल्या या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. सामाजिक न्यायाचा प्रश्न या 26.1 टक्क्यांपाशी सुरू होतो. घर हे मोजमापाचं एकक धरलं की घरातली मुलगी दिसेनाशी होते. प्रबंधाची आखणी करताना हे एक पक्कं धरलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

कुठे शिकायचं

यावर फार वेळ घालवू नका, पण दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षणाकडे समाजशास्त्राच्या अंगाने पाहण्याची परंपरा आहे. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर पीएच. डी. करता येते; तिथला भर तंत्रज्ञानाने शिकणं कसं घडतं यावर आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूच्या एम. ए. (शिक्षणशास्त्र) मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पर्याय मिळतो. राज्याबाहेर बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, परदेशात लंडनच्या यूसीएलचा शिक्षण आणि तंत्रज्ञान हा एम. ए. आणि एडिंबरा विद्यापीठाचा डिजिटल शिक्षणातला ऑनलाइन एम. एस्सी. हे माहितीतले पर्याय. कुठेही प्रवेश घेताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाने आधी कोणते प्रबंध करून घेतले आहेत ते बघा. तंत्रज्ञानवाल्या विभागात न्यायाचा प्रश्न विचारणारा आणि समाजशास्त्राच्या विभागात अ‍ॅप उघडून पाहणारा मार्गदर्शक, दोन्ही दुर्मीळ.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक खाचखळगा. अनुसूचित जाती आणि इतर काही वंचित गटांसाठीच्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या 2022-23 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे ‘मराठवाड्यातील दलित विद्यार्थी आणि ऑनलाइन शिक्षण’ असा विषय अर्जात लिहिला तर तो याच अटीवर अडकू शकतो. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच्या सूचना शब्द न् शब्द वाचा, मगच विषयाचं शीर्षक ठरवा. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचेही निकष त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्यावेत. गेल्या वर्षी निवडला गेलेला ओळखीचा विद्यार्थी सांगेल ते यंदा लागू असेलच असं नाही.

विषय छोटा करा, अजून छोटा करा

महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या नव्या रचनेत दोन वर्षांच्या 88 श्रेयांकांपैकी (क्रेडिट) संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांक आहेत. एवढ्या वेळात ‘महाराष्ट्रातील ग्रामीण विद्यार्थ्यांची डिजिटल दरी’ हा विषय होत नाही. एक तालुका, दोन-तीन शाळा, एक इयत्तागट आणि एक प्रश्न. उदाहरणार्थ: ‘एकच फोन असलेल्या घरात सहावी ते आठवीच्या मुलाला आणि मुलीला अभ्यासासाठी फोन किती वेळ मिळतो, आणि तो कोण ठरवतं?’ किंवा ‘आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुलींना फोनबंदीमुळे कोणकोणत्या अर्जांच्या मुदती चुकवाव्या लागतात?’

या दुसऱ्या विषयाला कायद्याचा भक्कम आधार आहे. 2019 मध्ये फहिमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने मुलींच्या वसतिगृहातली ठरावीक तासांची मोबाइलबंदी गैर ठरवली आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा नि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. खटला महाविद्यालयीन वसतिगृहाचा होता. आश्रमशाळेतल्या मुली वयाने लहान, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होईल असं लिहू नका. तो फरक काय हीच तुमच्या प्रकरणाची चर्चा.

‘न्याय’ म्हणजे नेमकं काय, ते आधी लिहून काढा

सैद्धांतिक चौकट म्हणून चार विचारवंतांची नावं टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा एकच चौकट घ्या आणि ती शेवटपर्यंत वापरा. अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांची न्यायाची त्रिसूत्री कामाला बरी पडते: वाटप, मान्यता आणि प्रतिनिधित्व. मुंबई महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब द्यायला सुरुवात केली, ती योजना या चौकटीत घालून बघा. वाटपाचा प्रश्न: टॅब किती मुलांना मिळाला, बिघडल्यावर दुरुस्त कोण करतं, किती दिवसांत? मान्यतेचा प्रश्न: महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या, टॅबमधला मजकूर प्रत्येक माध्यमात सारखाच सकस आहे का? प्रतिनिधित्वाचा प्रश्न: टॅबमध्ये काय असावं हे ठरवताना शिक्षकांना, पालकांना कोणी विचारलं का, आणि तक्रार करायची तर खिडकी कुठली? योजना एकच, पण तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं निघतात. प्रकरण तिथूनच लिहायला घ्या.

मराठीत लिहिणाऱ्याने फ्रेझरपाशीच थांबायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. हा प्रश्न आजच्या शाळेला सरळ विचारता येतो. 2015 नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाच्या काळात अनेक जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. वर्गणी कोणी दिली? ज्या वस्तीवर वर्गणी जमू शकली नाही तिथल्या शाळेचं काय झालं? प्रोजेक्टर आल्यावर वाढलेलं वीजबिल कोणत्या अनुदानातून भरलं? बिल थकलं की मीटर कापला जातो आणि ‘डिजिटल शाळा’ असा फलक तेवढा राहतो. हे तपासायला शाळेची वीजबिलं आणि किर्दवही पुरते. प्रश्नावली लागत नाही.

आधीचे आकडे वाचताना

प्रत्येक पाहणीचं एकक वेगळं असतं, हे एका तक्त्यात लिहून भिंतीवर लावा.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीचं (2017-18) एकक कुटुंब. त्यात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबं ग्रामीण भागात 14.9 टक्के आणि शहरात 42 टक्के निघाली. संगणक ग्रामीण भागात 4.4 आणि शहरात 23.4 टक्के घरांत. ‘असर’चं एकक मूल, पण ती फक्त ग्रामीण भागाची पाहणी आहे, धारावीवरच्या प्रबंधात ती तुलनेपुरतीही जपून वापरा. त्यातही 2023 ची 14 ते 18 वयोगटाची पाहणी निवडक जिल्ह्यांतली होती आणि महाराष्ट्रातून त्यात नांदेड होता, म्हणून त्या आकड्यांना ‘महाराष्ट्राचे आकडे’ म्हणता येत नाही. त्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये 19.8 टक्क्यांकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के आणि पुरुष 57.1 टक्के होते. ‘कधी तरी’ या शब्दाकडे लक्ष द्या. आठवडाभरात एकदाही न वापरलेली बाई त्यात ‘वापरते’ म्हणूनच मोजली जाते.

यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचातली माहिती शाळा स्वतः भरते. त्यामुळे ‘चालू स्थितीतील संगणक’ या रकान्यातला आकडा घेतलात तर शाळेत जाऊन संगणक सुरू करून पाहा. 2022-23 पासून ही माहिती विद्यार्थीनिहाय घेतली जाते, त्यामुळे आधीच्या वर्षांशी सरळ रेषेत तुलना केली की परीक्षक बोट ठेवतातच.

मराठीतले पूर्वीचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मिळतील, पण तिथे पीएच. डी.चेच बहुतांश असतात. लघुप्रबंध विभागाच्या ग्रंथालयातच, धूळ झटकून.

मिनिटं मोजायची कशी

नमुना निवडताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गूगल फॉर्म टाकणं. ज्याच्याकडे फोन नाही तो तिथेच गळतो, आणि मग ‘92 टक्के पालकांकडे फोन आहे’ असा निष्कर्ष निघतो. टाळेबंदीच्या काळातले कित्येक प्रबंध याच कारणाने निकामी आहेत. नमुना शाळेच्या पटावरून घ्या. पटावर 180 मुलं असतील तर दर तिसरं नाव, म्हणजे 60 मुलं. एका घरातली दोन भावंडं आली तर चिठ्ठी टाकून एकाचं नाव ठेवा. बंद घर असेल तर शेजारचं घर घेऊ नका. तीन वेळा जा, तरी भेट नाही झाली तर ‘भेट नाही’ अशी नोंद करा. कोण भेटलं नाही हीसुद्धा माहितीच आहे.

प्रत्येक घरी दोन टप्पे. पहिली भेट साधारण 40 मिनिटांची, शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसा फोन आणि फोनचा मालक दोघंही घरी नसतात. एका संध्याकाळी चारच घरं होतात असं धरून दिवस मांडा. विचारायचे प्रश्न असे: काल फोन सकाळपासून कुठे-कुठे होता? चार्जिंग कुठे आणि कधी होतं? रिचार्ज कोण करतं, संपल्यावर किती दिवस तसाच राहतो? (पॅक 28 दिवसांचा असला तर वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. मजुरीच्या हिशेबात तेरावा रिचार्ज कुठून येतो, हे विचारून बघा.) फोनचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? हा शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण घरातली सत्ता त्यातून जेवढी कळते तेवढी ‘निर्णय कोण घेतं’ या प्रश्नातून कळत नाही.

दुसरा टप्पा म्हणजे सात दिवसांची रोजनिशी. एका पानावर सात ओळी, तीन रकाने: शाळेआधी, संध्याकाळी 5 ते 8, रात्री 8 ते 10. प्रत्येक चौकटीत मुलाने तीनच गोष्टी लिहायच्या: फोन कोणाच्या हातात होता, मला किती मिनिटं मिळाला, कशासाठी. निवडलेल्या मुलाच्या घरात भाऊ-बहीण दोघं असतील तर रोजनिशीसाठी दोघांना वेगळी पानं द्या आणि वेगवेगळी जमा करा. नाहीतर भाऊच दोन्ही पानं भरतो.

मिळालेल्या नोंदींचा हिशेब कसा दिसतो ते एका कल्पित घरावरून बघू. फोन वडिलांसोबत सकाळी 7 ला जातो, संध्याकाळी 7 ला येतो. घरात तीन मुलं. रात्री 10 पर्यंतचे 180 मिनिटं. त्यातून चार्जिंगची 40 आणि वडिलांच्या फोन-बातम्यांची 50 वजा केली की उरतात 90. सरासरी काढली तर मुलामागे 30 मिनिटं. रोजनिशीत मात्र दहावीतल्या मोठ्या मुलाची 60, धाकट्याची 25 आणि आठवीतल्या मुलीची 5 निघतात, कारण 7 ते 8.30 ती भाकऱ्या थापत असते आणि नंतर भांडी. सरासरीने हे घर ‘30 मिनिटांचं’ ठरलं असतं. म्हणून प्रबंधात सरासरीच्या शेजारी घरातली सगळ्यात कमी मिनिटं आणि ती कोणाची, हा रकाना हवाच.

60 घरांचा नमुना असताना टक्केवारीचा हव्यास धरू नका. एक घर म्हणजे 1.7 टक्के. ‘18.3 टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘60 पैकी 11’ लिहा; वाचणाऱ्याला खरं वजन कळतं.

प्रश्नावली आधी नमुन्याबाहेरच्या पाच-सहा घरांत वापरून बघा. ‘ऑनलाइन’ हा शब्दच तिथे अडतो. अनेक घरांत यूट्यूब म्हणजे ‘यूट्यूब’, व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे ‘व्हॉट्सअ‍ॅप’. ‘इंटरनेट वापरता का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं आणि मूल शेजारी रील बघत असतं. माहिती भरायला कोबो टूलबॉक्सचं अ‍ॅप चालतं. ते रेंज नसतानाही फॉर्म साठवतं आणि मराठी प्रश्न घेतं.

परवानगी आणि संमती

जिल्हा परिषद शाळेसाठी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन अर्ज शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावे द्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. पाठपुरावा त्या क्रमांकावरच होतो. आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. अनुदानित खासगी शाळेत मुख्याध्यापकांचा होकार असला तरी संस्थेचं पत्र मागा. महिनाभर जाईल असं धरून चाला.

वरून आलेल्या परवानगीचा एक तोटाही आहे. केंद्रप्रमुखांबरोबर शाळेत गेलात की तुम्ही तपासणीला आलात असंच शिक्षकांना वाटतं. मग दीक्षा हे सरकारी शैक्षणिक अ‍ॅप रोज वापरतो, क्यूआर कोड सगळे स्कॅन करतो, अशी उत्तरं मिळतात. पहिल्या दिवशी पत्र दाखवा, मुलाखती नंतर एकट्याने घ्या, आणि शिक्षकांना आधी त्यांच्या ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाविषयी बोलू द्या. त्या विषयावर कोणीही शिक्षक हातचं राखून बोलत नाही, आणि तंत्रज्ञानाने शिकवण्याचा वेळ कुठे जातो हेही तिथेच कळतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 प्रमाणे 18 वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संशोधनासाठी त्यात अटींसह सूट आहे. ती आहे म्हणून संमती टाळू नका. पत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि साक्षीदार म्हणून मुख्याध्यापक नव्हे, घरातलंच किंवा शेजारचं कोणी घ्या. मुलाचा होकार वेगळा. आईने सही केली आणि मुलीने मान हलवली नाही, तर ते घर सोडायचं.

जात विचारायची तर शेवटी, ऐच्छिक म्हणून, आणि एकांतात. पटावरचा प्रवर्ग हवा असेल तर परवानगीच्या अर्जात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.

हंगाम बघून गावात जा

बीड, अहिल्यानगरच्या पूर्वेकडचे तालुके किंवा जालना निवडलं असेल तर ऊसतोडीचं वेळापत्रक तुमच्या सत्राच्या वेळापत्रकापेक्षा मोठं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या जोड्या, कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत गावात गेलात तर जी मुलं भेटतील ती मागे राहिलेली. ज्यांचा प्रश्न सर्वांत बिकट ती मुलं नमुन्यातच नसतील. म्हणून जुलैत प्रश्न पक्का, जुलै-ऑगस्टमध्ये परवानग्या, ऑगस्टअखेर चाचणी आणि सप्टेंबरात घरभेटी संपवा. शक्य असेल तर डिसेंबरात एखाद्या कारखान्याच्या तळावर त्यातल्याच पाच-सहा कुटुंबांना पुन्हा भेटा. कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांत, चार्जिंग कुठून होतं, दुसऱ्या जिल्ह्यात मुलीच्या अभ्यासाचं काय, हे तिथेच दिसतं. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या भावंडांची नोंद वेगळी ठेवा.

मजकूरही तपासा

माणसांच्या मुलाखती घेताना साधन आणि मजकूर सुटून जातो. अर्ध्या दिवसात होणारी एक चाचणी करा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय) सुरू करा, आवाज मराठी ठेवा, स्क्रीन झाका आणि शाळेच्या गटावर आलेला अभ्यास उघडा. हाताने लिहून फोटो काढलेली प्रश्नपत्रिका असेल तर फोन बहुतेक वेळा फक्त ‘इमेज’ म्हणून थांबतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल असेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ ऐकू येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यातल्या दृष्टिहीन मुलासाठी हा अभ्यास पाठवलाच गेला नाही, असा त्याचा अर्थ. दहा फाइल तपासून किती वाचल्या गेल्या, एवढा छोटा तक्ताही प्रबंधात दखल घेण्याजोगा ठरतो.

लिहून काढताना

एक तासाच्या मुलाखतीचं लिप्यंतर करायला पाच-सहा तास लागतात. आपोआप लिप्यंतर करणारी साधनं प्रमाण मराठीत ठीक चालतात. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणीत वाक्यंच्या वाक्यं बदलून टाकतात. शिवाय मुलांचा आवाज परक्या सर्व्हरवर चढवायची परवानगी तुमच्या संमतीपत्रात असते का? नसेल तर हातानेच. संकेतांकनासाठी (मुलाखतीतल्या वाक्यांना मुद्द्यांप्रमाणे खुणा देण्यासाठी) टॅगेट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

नावं बदलली म्हणजे ओळख झाकली असं नाही. ‘गावातलं एकमेव पारधी कुटुंब’ असं लिहिलं की तालुक्यातला कोणीही घर दाखवेल. पाचपेक्षा कमी घरांचा गट तक्त्यात स्वतंत्र छापू नका, आणि शाळेचा फोटो तर नकोच.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. मराठी मजकुरासाठी तपासणीची सॉफ्टवेअरं कच्ची आहेत, म्हणून इंग्रजीतून भाषांतर केलेले उतारे सुटून जातात असा समज आहे. परीक्षकाला मात्र ते दुसऱ्या ओळीत कळतात.

सादरीकरण झाल्यावर दोन कामं उरतात. एका पानाचा मराठी गोषवारा छापून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत द्या, ऊसतोडीची कुटुंबं परतल्यावर, म्हणजे त्यांचे सदस्यही हजर असतील. आणि विद्यापीठाने ठरवलेली मुदत संपली की मुलांचे आवाज फोनमधून, लॅपटॉपमधून आणि आपोआप बॅकअप घेणाऱ्या क्लाउडमधून पुसा. तिसरी जागा बहुतेक जण विसरतात.